मुलाला ‘ढ’ म्हणण्याआधी



पहिल्या सहामाहीचा निकाल लागला की वस्तीत ठराविक वाक्ये कानावर येतात. “याच्या डोक्यात काही शिरतच नाही.” “मोठा हुशार आहे, ही मात्र मठ्ठ निघाली.” “आमच्यात कोणी शिकलेलंच नाही, याला कुठून येणार?” आम्ही वस्त्यांमधून आरोग्याचे काम करतो. बाळांची वजने घेतो, रक्त तपासायला पाठवतो, कान-डोळे दाखवून घ्या म्हणून पाठपुरावा करतो. घराघरांत बसून बोलताना ही वाक्ये आम्ही सतत ऐकतो, आणि ज्याच्याविषयी ती बोलली जातात ते मूल बहुतेक वेळा तिथेच बसलेले असते. दोन-चार वर्षे हे ऐकले की ते स्वतःच म्हणू लागते, “मला नाही जमत.” मग शाळेत मागच्या बाकावर बसणे, दांडी मारणे आणि आठवी-नववीत शाळा सुटणे.

आरोग्याच्या पानावर अभ्यासाची गोष्ट कशाला, असे कोणाला वाटेल. पण शिकणे हे मेंदूचे काम आहे आणि मेंदू शरीराचाच भाग आहे. त्याला अन्न लागते, रक्त लागते, झोप लागते. ऐकणारे कान आणि बघणारे डोळे लागतात. समोरून उत्तर देणारे माणूस लागते, आणि मनात भीती नसावी लागते. यातले एक जरी कमी पडले तरी मूल मागे पडते आणि आपण त्याला ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. म्हणून या वेळी एकेक गोष्ट नीट समजून घेऊ.

मेंदूची वाढ घरात होते

जन्मलेल्या बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव भाग असतो. पहिल्या वर्षात तो जवळजवळ दुप्पट होतो आणि पाचव्या वर्षापर्यंत सुमारे ९० टक्के आकार पूर्ण होतो. म्हणजे पहिलीत नाव घालण्याआधीच मेंदूची मोठी वाढ आईच्या मांडीवर, आजीच्या कडेवर, मोठ्या बहिणीच्या हाताखाली झालेली असते.

आकाराइतक्याच महत्त्वाच्या असतात मेंदूतल्या जोडण्या. मेंदूत अब्जावधी पेशी असतात आणि त्या एकमेकींना जोडल्या जातात. ज्या जोडण्या रोज वापरात येतात त्या पक्क्या होतात, ज्या वापरल्या जात नाहीत त्या हळूहळू गळून जातात. माळावरची पायवाट आठवा. रोज माणसे चालली तर वाट मळते, कोणी गेले नाही तर तिच्यावर गवत माजते.

बाळाच्या मेंदूत ही वाट मळते ती सवाल-जवाबातून. तीन महिन्यांचे बाळ हुंकार देते. तुम्ही त्याच्याकडे बघून म्हणता, “हो का? भूक लागली का माझ्या राजाला?” ते पुन्हा आवाज काढते, हातपाय हलवते. तुम्ही पुन्हा बोलता. वरून हा लाडाचा खेळ दिसतो, पण आत मेंदूत भाषेच्या जोडण्या तयार होत असतात. बाळाला शब्दांचा अर्थ कळत नाही म्हणून त्याच्याशी काय बोलायचे, असे समजू नका. आपण आधी बोलतो म्हणून त्याला नंतर कळते.

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. डाळ निवडताना खडे वेगळे करायला लावा. भांडी लावताना “मोठं पातेलं खाली, छोटं वर” असे बोलत राहा. नळावर पाणी भरताना हंडे मोजा. कपडे घडी करताना “बाबांचा शर्ट कुठला, तुझा कुठला?” असे विचारा. लहान-मोठे, जास्त-कमी, आधी-नंतर, आत-बाहेर हे शब्द मूल असेच शिकते, आणि पुढे गणितात हेच शब्द कामाला येतात. बाबांनी, काकांनी, आजोबांनीही हे करावे. कामावरून आल्यावर दहा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवून मुलाशी बोलणे कोणत्याही बापाला जमण्यासारखे आहे.

बोलताना घरची बोली बिनधास्त वापरा. ज्या भाषेत आईला भरभरून बोलता येते तीच मुलाच्या डोक्याची पहिली भाषा. इंग्रजी शाळेत घातले म्हणून घरी मोडक्या इंग्रजीत दोन शब्द बोलायचे आणि बाकी गप्प राहायचे, यात मुलाचे नुकसान होते. घरच्या भाषेत ज्याला गोष्ट सांगता येते, कारण सांगता येते, त्याला दुसरी भाषा शिकायला मदतच होते.

आता मोबाईल. जेवत नाही म्हणून, रडते म्हणून, आपल्याला काम आहे म्हणून बाळाच्या हातात मोबाईल दिला जातो. मोबाईल बोलतो खूप, पण बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. त्यात सवाल-जवाब घडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन दाखवू नये आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात एक तासापेक्षा जास्त नको. त्याहून कमी असेल तर अधिक चांगले.

मूल वेगळा विचार करते, चुकीचा नाही

घरी एक प्रयोग करून बघा. चार-साडेचार वर्षांच्या मुलासमोर दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या. विचारा, “सारखं आहे ना?” ते हो म्हणेल. आता त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद ग्लासात ओता आणि विचारा, “आता कशात जास्त?” बहुतेक मुले उंच ग्लासाकडे बोट दाखवतील. पाणी तेच आहे हे त्यांनी पाहिलेले असते, तरीही.

स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांनी असे अनेक प्रयोग करून दाखवून दिले की लहान मूल म्हणजे कमी अक्कल असलेला मोठा माणूस नव्हे. त्याचा विचार करण्याचा मार्गच वेगळा असतो. या वयात ते एका वेळी एकच गोष्ट बघते, इथे उंची. ग्लास अरुंद आहे हे दुसरे अंग त्याच वेळी लक्षात घेणे त्याला अजून जमत नाही. साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास तेच मूल हसून म्हणते, “पाणी तेवढंच आहे की!” हे कोणी रागावून शिकवलेले नसते.

म्हणून वयाच्या आधी जे येणार नाही त्यासाठी मारझोड करू नये. तीन वर्षांच्या मुलाकडून पाटीवर रेषेत अक्षरे गिरवून घेण्याचा हट्ट अनेक घरांत असतो. त्याच्या बोटांचे स्नायूच अजून तयार नसतात. त्याने माती मळावी, पिठाच्या गोळ्या कराव्यात, मणी ओवावेत, खडूने फरशीवर रेघोट्या ओढाव्यात. पेन्सिल धरायची तयारी त्यातूनच होते.

आठ-नऊ महिन्यांचे बाळ चमचा दहा वेळा खाली टाकते तेव्हा ते त्रास देत नसते. टाकल्यावर काय होते, आवाज कसा येतो, आई उचलून देते का, याचा ते शोध घेत असते. तीन-चार वर्षांचे मूल दिवसभर “का?” विचारते, तेही त्याच कारणाने. उत्तर येत नसेल तर “मला माहीत नाही, आपण ताईला विचारू” असे सांगा. “गप बस, डोकं खाऊ नको” हे वाक्य रोज ऐकणारे मूल हळूहळू प्रश्न विचारणे सोडते आणि मग शाळेतही हात वर करत नाही.

आणखी एक गोष्ट. लहान मुलाच्या डोक्यात एका वेळी फार थोडे मावते. “दप्तर ठेव, हातपाय धू, कपडे बदल, आणि दुकानातून साखर आण” असे एका दमात सांगितले तर ते शेवटचे तेवढे लक्षात ठेवते किंवा काहीच नाही. आपण म्हणतो, “लक्षच नसतं याचं.” एका वेळी एक काम सांगा. ते झाले की पुढचे.

भाजीच्या गाडीवरचा हिशेब

वस्तीतली कितीतरी मुले शाळा सुटल्यावर आई-वडिलांच्या भाजीच्या गाडीवर, वडापावच्या टपरीवर, फुलांच्या टोपलीजवळ बसतात. पाव किलो मिरची, दीड किलो कांदे, शंभरची नोट, सुटे परत. सगळे तोंडी आणि झटपट. त्याच मुलाच्या वहीत मात्र वजाबाकीवर लाल फुली असते.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाजारातली मुले अवघड व्यवहार मनातल्या मनात बरोबर करत होती, पण शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडलेली साधी उदाहरणे त्यांना सोडवता येत नव्हती. उलट, बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांना कागदावरची उदाहरणे अधिक चांगली जमत होती, पण बाजारातला हिशेब जमत नव्हता. ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांबाबतही १९८५ साली असेच दिसून आले होते.

याचा अर्थ सरळ आहे. गणित त्या मुलाच्या डोक्यात आहे. डोक्यातले गणित आणि वहीतले गणित यांच्यामध्ये पूल बांधलेला नाही. शाळेने तो बांधायला हवाच, पण घरीही सुरुवात करता येते. मुलाने गाडीवर केलेला हिशेब रात्री त्याच्याकडून वहीत लिहून घ्या. “गिऱ्हाईकाने शंभर दिले, माल पासष्टचा झाला. तू पस्तीस परत दिलेस. कसे काढलेस ते सांग. आता हेच आकडे एकाखाली एक लिही.” तोंडाने सांगितलेले आणि कागदावर लिहिलेले एकच आहे हे एकदा कळले की वजाबाकीची भीती कमी होते. शिक्षकांनाही सांगा की हा मुलगा तोंडी हिशेब करतो, त्याला उदाहरण व्यवहारातून समजावून द्या.

हे वाचून मुलाला धंद्यावर जास्त बसवावे असा अर्थ कोणी काढू नये. शाळेचा आणि झोपेचा वेळ त्यात गेला तर शिकणे तिथेच थांबते.

आधी शरीर तपासा

मूल अभ्यासात मागे पडत असेल तर शिकवणी लावण्याआधी पुढच्या गोष्टी बघा.

डोळे. ज्याला लांबचे कमी दिसते त्याला ते कळतच नाही. सगळ्यांना फळा असाच पुसट दिसतो, असे त्याला वाटते. डोळे बारीक करून बघणे, टीव्हीच्या अगदी जवळ बसणे, फळ्यावरचे चुकीचे उतरवणे, शेजारच्याच्या वहीतून लिहिणे, अभ्यास केला की डोके दुखणे ही त्याची लक्षणे. चष्मा लागला तर मुलीच्या लग्नाची काळजी करत बसू नका. चष्म्याने तिला फळा दिसेल.

कान. सर्दी वरचेवर झाली की कानाच्या पडद्यामागे पाणी साठते आणि ऐकू कमी येते. कान फुटून वाहत असेल तर आणखी कमी. असे मूल मागून हाक मारली तर वळत नाही, टीव्हीचा आवाज वाढवते, शब्द अर्धवट बोलते. आपण म्हणतो, “मुद्दाम ऐकत नाही.” वाहत्या कानात तेल, लसणाचे तेल, पिन किंवा काडी अजिबात घालू नका. कान कोरडा ठेवा आणि सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.

रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या १०० मुलांपैकी जवळपास ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी होते. लोह कमी पडले की मेंदूला त्याचा फटका बसतो. मूल सुस्त राहते, चिडचिड करते, लक्ष टिकत नाही, माती किंवा खडू खाते. यासाठी सरकारी औषध मोफत आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचे पातळ औषध, ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी. गोळी जेवणानंतर द्यावी. शौच काळसर होते, त्याला घाबरू नये. अंगणवाडीत, शाळेत, आशाताईंकडे मागून घ्या. घरात पालेभाज्या, नाचणी, मटकी, हरभरे, अंडी, मासे, मटण, जे परवडेल ते द्या आणि वर लिंबू पिळा, म्हणजे लोह नीट अंगी लागते. जेवणाबरोबर चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. सकाळी चहा-खारी किंवा चहा-बिस्किटावर मूल शाळेत पाठवले तर दोन तासांत पोट रिकामे होते. त्यापेक्षा रात्रीची भाकरी आणि भाजी, किंवा चपाती आणि शेंगदाण्याची चटणी बरी.

जंत. दहा फेब्रुवारी आणि दहा ऑगस्टच्या सुमारास अंगणवाडीत आणि शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना जंताची गोळी दिली जाते. ती चुकवू नका. त्या दिवशी मूल आजारी असेल तर बरे झाल्यावर मागून घ्या.

शिसे. भंगाराच्या कामात जुन्या बॅटऱ्या फोडल्या जातात, शिसे वितळवले जाते. शिशाची धूळ आणि धूर लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा करतात आणि बाहेरून काही दिसत नाही. हे काम घरात किंवा दाराशी करू नका. काम करणाऱ्याने हातपाय धुऊन, कपडे बदलूनच मुलाला उचलावे.

या तपासण्यांसाठी पैसे लागत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रातल्या पालघर येथून सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येणे अपेक्षित आहे. ते आले का, कधी येणार, हे महिला मंडळाने विचारायला हवे.

झोप आणि एक खोली

दिवसभर शिकलेले झोपेत पक्के होते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे, वर टीव्ही, बाहेर डीजे, आणि सकाळी पाणी भरायला लवकर उठणे, यात ही झोप कशी होणार, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या घरांत मुलांना नेहमी सुनावले जाते, “बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, आणि तू?” पण त्याच चरित्रातली दुसरी गोष्ट आपण सांगत नाही. परळच्या डबक चाळीत सगळे कुटुंब एका खोलीत राहत होते. रामजीबाबा मुलाला संध्याकाळी लवकर झोपवत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला अभ्यासाला उठवून मग आपण झोपत. खोली मोठी करणे त्यांच्या हातात नव्हते. मुलाची झोप आणि अभ्यासाची शांतता यांची सोय मात्र त्यांनी केली, आणि तीही आधी झोप, मग अभ्यास अशी.

दोन वाजता उठवायची गरज नाही. टीव्ही ठरलेल्या वेळी सगळ्यांसाठी बंद करता येतो. मुलाची पथारी कोपऱ्यात, दिव्याकडे पाठ करून घालता येते. घरात जागा नसेल तर विहारात संध्याकाळी दोन तास अभ्यासिका चालवता येते. दिवा, पंखा, चटई आणि लक्ष ठेवायला एक मोठे माणूस, एवढ्यावर ती चालते. कार्यक्रमाचा लाऊडस्पीकर परीक्षेच्या दिवसांत बंद ठेवणे हा ठराव मंडळाने करावा.

भीती आणि अपमानाने डोके अडते

मार बसणार म्हटले की अंगात धोक्याची घंटा वाजते. छाती धडधडते, हात गार पडतात. त्या वेळी मेंदू फक्त सुटका कशी होईल एवढेच बघतो, सातचा पाढा आठवणे त्याच्या हातात राहत नाही. तुम्ही पट्टी घेऊन बसलात आणि मुलाला येत असलेले उत्तरही आले नाही, हे त्यामुळेच घडते. घरातली रोजची भांडणे, दारू, आईला होणारी मारहाण हे बघणाऱ्या मुलाच्या डोक्यात ही घंटा शाळेतही वाजत राहते.

अपमानाचेही तेच. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांवर प्रयोग केला. निम्मी मुले उच्च म्हणवणाऱ्या जातींची, निम्मी दलित. त्यांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात कोणालाच सांगितली नव्हती तेव्हा दोन्ही गटांच्या मुलांनी सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या मुलांच्या गटांत प्रत्येकाचे नाव, गाव, वडिलांचे नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितली. तिथे दलित मुलांची सोडवलेली कोडी कमी झाली. कोडी तीच होती. बदलली होती ती खोलीतली हवा. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला.

शाळेत वेगळे बसवलेल्या भीमरावाची कथा आपण मुलांना सांगतो, तेव्हा हेही सांगायला हवे की अशी वागणूक मिळाली तर कोणतेही डोके अडते, आणि दोष त्या डोक्याचा नसतो. म्हणून आपल्या मुलाला वर्गात जातीवरून बोलले जाते का, ठराविक मुलांनाच झाडू मारायला लावतात का, मागे बसवतात का, हे त्याला शांतपणे विचारा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करण्यास बंदी आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. तिथे आपल्या बायकांनी जाऊन बसले पाहिजे.

हा नियम घरालाही लागू आहे. ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘काळी’, ‘बिनकामाचा’ ही नावे घरात बंद करा. भावंडांची तुलना बंद करा. शाबासकी देताना “हुशार आहेस” एवढेच न म्हणता काय चांगले केले ते सांगा. “काल तीन चुका होत्या, आज एकच. पुन्हा पुन्हा करून बघितलंस म्हणून जमलं.”

आई शिकलेली नाही, तर अभ्यास कसा घ्यावा

हा प्रश्न आम्हाला सर्वात जास्त विचारला जातो. उत्तर सोपे आहे. मुलाला शिकवू नका, त्याच्याकडून शिका. “आज शाळेत काय झालं ते पुस्तक मिटून मला सांग. मला काही येत नाही असं समजून सांग.” मूल सांगताना जिथे अडखळेल तिथे त्याला स्वतःलाच कळते की हे आपल्याला आलेले नाही. मग त्याने पुस्तक उघडून बघावे आणि पुन्हा सांगावे.

याला शास्त्राचा आधार आहे. अमेरिकेतील रोएडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवून दिले की धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून मग न बघता आठवणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. नुसते घोकताना सगळे येते असे वाटते, आठवताना खरे काय ते कळते. हे करून घ्यायला आईला अक्षर यावे लागत नाही, ऐकायची तयारी लागते. परीक्षेच्या आदल्या रात्री चार तास बसण्यापेक्षा रोज अर्धा-अर्धा तास, आणि मागच्या आठवड्यातले पुन्हा एकदा विचारणे, याने जास्त टिकते. मोठ्या बहिणीने धाकट्याला शिकवले तर दोघांचाही अभ्यास होतो, पण तिचा स्वतःचा वेळ त्यात आणि घरकामात संपता कामा नये.

तरीही अडत असेल तर

कान-डोळे बरोबर, रक्त बरोबर, मूल बोलण्यात चुणचुणीत, आणि तरी तिसरी-चौथीपर्यंत अक्षरे उलटसुलट होतात, जोडाक्षरे वाचता येत नाहीत, तोंडी उत्तर बरोबर पण लिहिता येत नाही, असे असेल तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. ‘तारे जमीन पर’ सिनेमात जो मुलगा दाखवला तसे. याचा बुद्धीशी संबंध नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेत जादा वेळ व इतर सवलती मिळतात. मुंबईत शीव, नायर आणि केईएम या महापालिका रुग्णालयांत तपासणी होते. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. अंगारा, धागा, गंडा यात वर्ष घालवू नका.

लहान बाळांच्या बाबतीत पुढच्या खुणा लक्षात ठेवा. यातले काही दिसले तर “मुलगे उशिराच बोलतात” म्हणून थांबू नका, आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना सांगा.

• तीन महिन्यांचे झाले तरी आपल्याकडे बघून हसत नाही.
• सहा महिन्यांचे झाले तरी आवाजाकडे वळत नाही.
• नऊ महिन्यांचे झाले तरी आधाराशिवाय बसत नाही.
• दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही किंवा एकही शब्द बोलत नाही.
• दोन वर्षांचे झाले तरी ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नाही.
• येत असलेले बोलणे किंवा चालणे कोणत्याही वयात बंद पडले.

येत्या रविवारी वंदनेनंतर महिला मंडळाने हा लेख मोठ्याने वाचावा. कोणाच्या घरी कोणते मूल मागे पडले आहे, त्याचे डोळे, कान आणि रक्त तपासले आहे का, याची यादी करावी. ज्यांचे झालेले नाही त्यांना चार-पाच जणींनी मिळून दवाखान्यात न्यावे. आणि त्या दिवसापासून त्या मुलासमोर ‘ढ’ हा शब्द कोणी काढणार नाही, एवढे सगळ्यांनी ठरवावे.

जय भीम.